तुरीवर बीटी मारायचंय, पण बांधाला लागून तुती आहे

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. बदनापूर भागात तीन एकर तूर आहे, बीडीएन 711. कळी भरली, फुलं उघडायला लागलीत. कामगंध सापळे लावलेत, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. परवापर्यंत दोन-चार पतंग यायचे, आता सकाळी बघितलं की प्रत्येक सापळ्यात आठ-दहा दिसतात. म्हणजे शेंगा पोखरणारी घाटेअळी येणार हे पक्कं.

यंदा जहाल औषध हातात धरायचं नाही असं ठरवलंय. खर्च हे एक कारण. दुसरं असं की पश्चिमेच्या बांधाला लागून चुलतभावाची दोन एकर तुती आहे आणि त्याच्या शेडमध्ये रेशीम अळ्यांची बॅच चालू असते. फवारणीवरून बॅच गेली आणि भावाभावांत बोलणं तुटलं असं आमच्या गावात दोन घरांत झालंय. तिसरं घर आमचं नको.

म्हणून बीटीचा जिवाणू मारावा म्हणतो. मेहुण्यानं ऑनलाईन मागवून एक पाकीट पाठवलंय. त्यावर बॅसिलस थुरिंजिएन्सिस लिहिलंय आणि पुढं बारीक अक्षरात इस्रायलेन्सिस. हे चालेल ना? एकच पाकीट आहे, तीन एकराला पुरणार नाही. काडीकचरा कुजवायचं वेस्ट डिकंपोझर आपण दोनशे लिटर पाणी आणि दोन किलो गूळ घालून ड्रममध्ये वाढवतो, तसंच हेही वाढवलं तर? वाढवून मारलेल्यांनी अनुभव सांगा.

पांढरं_सोनं

बिनधास्त मारा दादा. मी मक्यावर लष्करी अळीला मारलंय, लिटरला दोन ग्रॅम, पोंग्यात धार जाईल असं. संध्याकाळी मारायचं एवढंच पथ्य. रिझल्ट बरा होता, लहान अळी होती तोवर. तुतीचं काय घेऊन बसलात, जैविक आहे, माणसाला काही नाही, जनावराला काही नाही, मधमाशीला काही नाही.

एक शंका माझीपण आहे. आपल्या कपाशीत जे बीटी असतं ते हेच ना? मग बोंडअळी का मरेना आता?

कोषवाला

थांबा थांबा. माणसाला काही नाही हे खरं, पण रेशमाची अळी माणूस नाही. ती अळीच आहे आणि बीटी अळीच मारतं. तिला काय कळणार की आपण पाळीव आहोत.

मी पाच-सहा वर्षं तुती करतोय. शेतकरी मित्रांना आम्ही कीटकनाशकाचं सांगून सांगून थकलो. आता कुठं लोक विचारून फवारतात. त्यात हे ‘जैविक आहे, चालतं’ सुरू झालं तर अवघड आहे. आम्हाला चॉकी सेंटरवरून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावरून, दुसरी कात टाकलेल्या अळ्या मिळतात. तिथून पुढं कोष विणेपर्यंत रोज फांद्या तोडून टाकायच्या. शेवटच्या आठवड्यात तर खादाड अशी की शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज. त्या आठवड्यात एका बाजूच्या पाल्यावर काही उडालेलं असलं तर अख्खा रॅक बसतो. अळी खाणं सोडते, डोकं वर करून ताठ होते, मग लुळी पडते. दोन दिवसांत काळी आणि वास.

दुधनाकाठ दादा, तुम्ही आधी विचारलंत हे लई चांगलं केलंत.

लॅबवाली

उशिरा बघितला हा धागा. मी जैविक कीडनाशकांच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, बहुतेक काळ मायक्रोस्कोपला डोळा लावून. आता निवृत्त आहे, त्यामुळे स्पष्ट बोलायला मोकळी.

आधी पाकिटाचं. इस्रायलेन्सिस तुरीवर मारू नका, पैसे मातीत जातील. तो डासांच्या अळ्यांचा प्रकार आहे. 1976 साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात एका साचलेल्या डबक्यात मेलेल्या डासअळ्या सापडल्या, त्यातून तो वेगळा काढला. डास आणि काळ्या माश्यांच्या अळ्यांना तो मारतो, पतंगवर्गातल्या अळीला त्याचं सोयरसुतक नाही. पाकीट परत पाठवू नका. गावात नाल्यात, साचलेल्या पाण्यात डास असतीलच, तिथं लेबलावरच्या मात्रेनं टाका. घाटेअळीसाठी लेबलवर कुर्स्टाकी हा शब्द पाहिजे. सोबत केंद्रीय नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत. दुकानात ते पोतं पत्र्याखाली तापत पडलेलं असेल तर तारीख नवी असली तरी घेऊ नका.

आता ड्रम. हा प्रश्न मला नोकरीत असताना आठवड्याला एकदा तरी फोनवर यायचा. वेस्ट डिकंपोझर आणि बीटी यांत फरक असा की तिथं नुसती वाढ झाली तरी काम भागतं. बीटीमध्ये जिवाणू वाढला म्हणून अळी मरत नाही, त्याच्या पोटात बनलेला प्रथिनाचा स्फटिक अळीला मारतो. आणि तो स्फटिक जिवाणू कधी बनवतो? खाणं संपत आलं, आता बीजाणू करून झोपायचं, त्या वेळी. तुम्ही गूळ घालत राहिलात तर तो मजेत फुगत राहील आणि स्फटिक करणारच नाही. हेही झालं, ड्रममध्ये तो एकटाच वाढतोय असं धरलं तर. तुमच्या विहिरीचं पाणी, उघडं तोंड, गूळ. दुसऱ्या दिवशी त्यात कोण कोण असेल ते मी शेतकऱ्यांनी आणलेल्या बाटल्यांमध्ये पाहिलंय. नमुना रंगवून तेलाच्या भिंगाखाली धरला की बीटीचा स्फटिक ओळखू येतो, दोन्ही टोकांना निमुळता, उडवायच्या पतंगाच्या आकाराचा, बीजाणूशेजारी पडलेला. त्या बाटल्यांत असे स्फटिक क्वचित दिसायचे, बाकी सगळी गर्दी परक्यांची. शिवाय बीटीचा सख्खा भाऊ म्हणावा असा बॅसिलस सिरियस मातीत सगळीकडं असतो. दिसायला सारखाच, फक्त स्फटिक नाही, आणि माणसाला जुलाब-उलट्या करणारा. ड्रमला वास चांगला आला, फेस आला, यावरून काही कळत नाही. क्युबामध्ये नव्वदच्या दशकात गावपातळीवर बीटी करायची केंद्रं उभी राहिली, ती चालली. पण तिथं माध्यम निर्जंतुक करायची सोय होती आणि शिकलेली माणसं होती.

स्फटिक पोटात गेल्यावर काय होतं ते सांगते, कारण त्यावरच सगळी पथ्यं उभी आहेत. पतंगाच्या अळीचं मधलं आतडं अल्कधर्मी असतं, सामू नऊ-दहाच्या वर. तिथं स्फटिक विरघळतो, अळीचेच पाचकरस त्याला कापून जहाल रूप देतात, ते आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. काही तासांत अळी खाणं थांबवते. मरते मात्र दोन ते चार-पाच दिवसांनी. आपल्या पोटात आम्ल, आणि ती चिकटायची जागाही नाही, म्हणून आपल्याला काही होत नाही.

यावरून काय काय निघतं बघा. पानावर, कळीवर, शेंगेवर जिथं अळी तोंड लावणार तिथं औषध पोचलं पाहिजे, नुसतं अंगावर पडून उपयोग नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे रस शोषतात, त्यांच्या पोटात ते जातच नाही. अळी शेंगेत अर्धी घुसली की वेळ गेली. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतली अळी सहज मरते, बोटभर झालेली घाटेअळी दाद देत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी स्फटिक आणि बीजाणू दोन्ही खराब होतात, दोन-तीन दिवसांत जोर उतरतो, म्हणून संध्याकाळ. चिकटद्रव्य घाला. बोर्डो मिश्रण, कॉपर, स्ट्रेप्टोमायसीन असलं बुरशी-जिवाणू मारणारं काही त्याच पंपात कालवू नका. कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवसाला ठेवू नका.

आणि फवारल्यावर सकाळी जाऊन अळ्या मेल्या का बघू नका. त्या तिथंच बसलेल्या दिसतील आणि तुम्ही मला शिव्या घालाल. ताजी विष्ठा पडते का, नवी भोकं दिसतात का, ते बघा. उलट, जैविक म्हणून आणलेल्या औषधानं अळ्या तासाभरात पटापट पडल्या तर खूश होऊ नका. त्या डब्यात बीटीशिवाय दुसरंच काहीतरी आहे, आणि ते लेबलवर लिहिलेलं नाही. असले नमुने मी पाहिलेत.

पांढरं_सोनं, तुमच्या शंकेचं. कपाशीत जिवाणू नाही, त्या जिवाणूचं एक जनुक आहे, आणि प्रथिन झाड स्वतः बनवतं. आपल्याकडं 2002 साली क्राय 1एसी जनुकाची कपाशी आली, पुढं 2006 मध्ये दोन जनुकांची. फवारलेलं बीटी दोन-तीन दिवसांत जातं. कपाशीत ते पहिल्या पानापासून शेवटच्या वेचणीपर्यंत रोज असतं. गुलाबी बोंडअळीला कपाशीशिवाय फारसं दुसरं खाणं नाही, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तेच प्रथिन तिच्या ताटात. कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावा असं पाकिटातच लिहिलेलं होतं, ते साधं बियाणं किती जणांनी पेरलं ते आपल्याला ठाऊक आहे. त्यात डिसेंबरनंतर फरदड ठेवायची, म्हणजे वेचणी झाली तरी तेच पीक पुढं चालवायचं. 2010 साली गुजरातेतून पहिली कबुली आली की गुलाबी बोंडअळी एका जनुकाला जुमानत नाही, आणि काही वर्षांत दुसऱ्यालाही. नुसत्या फवारणीनंही हे होतं. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगानं हवाई बेटांवर बीटीच्या फवाऱ्यांना प्रतिकार दाखवला, तो 1990 मध्ये जगापुढं आला. सारखं तेच मारलं की असं होतं, ते जैविक असो की आणखी काही.

राहिली तुती. कोषवाल्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, आणि त्याला इतिहासही आहे. हा जिवाणू मुळात सापडलाच रेशीम अळीत. 1901 साली जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञानं अचानक मरणाऱ्या रेशीम अळ्यांतून तो काढला. दहा वर्षांनी जर्मनीतल्या थुरिंजियात बर्लिनर यांना पिठाच्या पतंगाच्या अळीत तो भेटला आणि त्यांनी दिलेलं नाव टिकलं. 1938 मध्ये फ्रान्समध्ये त्याचं औषध विकायला आलं. म्हणजे आपण ज्याला औषध म्हणतो तो रेशीमवाल्यांच्या घरचा जुना रोग आहे. नेहमीच्या कुर्स्टाकीच्या स्फटिकात तीन-चार प्रकारची प्रथिनं असतात. त्यातलं क्राय 1एए रेशीम अळीला फार लागतं.

तेव्हा तुमच्या शेतात, बांधाला लागून तुती आणि शेडमध्ये बॅच असताना, बीटी मारू नका असंच मी म्हणेन. सध्या वारं पूर्वेकडून असतं आणि तुती तुमच्या पश्चिमेला. मक्याला किंवा कोबीला, आसपास तुती नसताना, मी बीटीची शिफारस डोळे झाकून करते.

दुधनाकाठ

काकू, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. पाकीट नाल्याला लावतो.

मग आता मी मारू काय? निंबोळी अर्क काढून ठेवलाय, तो चालेल? आणि शेंगमाशीचं काय? गेल्या साली दाणे भरड निघाले त्यात अळीपेक्षा माशीचा वाटा जास्त होता असं दुकानदार म्हणत होता.

लॅबवाली

घाटेअळीसाठी तुमच्याकडं बीटीपेक्षा नेमकं हत्यार आहे, एचएएनपीव्ही. हा विषाणू आहे, घाटेअळी आणि तिच्या अगदी जवळच्या भावकीपुरता. रेशीम अळीला ग्रासरी नावाचा रोग करणारा विषाणू त्याच्याच कुळातला पण वेगळा आहे. घाटेअळीचा विषाणू रेशीम अळीला बाधत नाही आणि रेशीम अळीचा घाटेअळीला नाही. तुरीसाठी शिफारस हेक्टरी 500 एलई आहे. एक एलई म्हणजे रोगानं मेलेल्या एका मोठ्या अळीत असतो साधारण तेवढा विषाणू. तुमच्या तीन एकराला 600 एलई धरा. हाही विषाणू पोटातूनच जातो आणि उन्हानं मरतो, त्यामुळे संध्याकाळची वेळ आणि लहान अळी ही दोन्ही पथ्यं तीच. पाण्यात थोडी राणीपाल किंवा नीळ घालायची पद्धत आहे, ऊन अडवायला. गुळाचं थोडं पाणीही घालतात, अळी आवडीनं खाते.

सापळ्यात आठ-दहा पतंग दोन-तीन दिवस सलग आले म्हणजे थांबू नका. पन्नास टक्के फुलोरा ही पहिली वेळ. याच्या मरणाला बीटीहूनही जास्त वेळ लागतो, पाच ते सात दिवस, तेवढा दम धरा. रोगट अळी मरताना झाडाच्या शेंड्याकडं चढते आणि मागच्या पायांवर उलटी लटकते. कातडी फुटली की आतलं पांढरट पाणी खालच्या पानांवर सांडतं आणि त्यावर दुसऱ्या अळ्या. तशा लटकलेल्या अळ्या दिसल्या तर काढून फेकू नका.

निंबोळी अर्क तुरीला चांगला, पण तुतीच्या पाल्यावर उडू देऊ नका. त्यानं रेशीम अळीचं खाणं आणि कात टाकणं दोन्ही बिघडतं. बांधाकडच्या पाच-सहा ओळी सोडून आतल्या बाजूला मारा. त्या सोडलेल्या ओळींत जुनी रीत करा, खाली पोतं धरून झाड हलवायचं आणि पडलेल्या अळ्या गोळा करायच्या. मजूर लागतात, पण पाच-सहा ओळीच आहेत. टी आकाराचे पक्षीथांबे लावले असतीलच.

शेंगमाशीला बीटी नाही आणि हा विषाणूही नाही. ती माशी आहे. अंडं शेंगेच्या सालीत आत घालते, अळी दाण्यातच वाढते, बाहेर येऊन काही खातच नाही. दुकानदाराचं म्हणणं खरं की खोटं ते शेंग फोडून कळेल. घाटेअळीचं भोक मोठं, गोल, बाहेरून दिसणारं. माशीच्या शेंगेला बाहेरून काही दिसत नाही, आत दाण्यावर नागमोडी खाच आणि तपकिरी कोष असतो. उशिराच्या तुरीवर ती जास्त. तुमची 711 लवकर येते, हा त्यातल्या त्यात फायदा. दाणे भरताना शेंगा फोडून मोजा आणि नुकसान फारच दिसलं तर भावाची बॅच कोषावर गेल्यावर काय करायचं ते बघू, आत्ता नाही.

पांढरं_सोनं

मी तुतीचं लिहिलं ते मागे घेतो कोषवाले. आमच्या शिवारात तुती नाही म्हणून डोक्यातच आलं नाही.

कोषवाला

असू द्या हो. हे सगळ्यांनी वाचावं म्हणून वर आणतोय धागा.

दुधनाकाठ दादा, चुलतभावाला एक करायला सांगा. त्याच्या बॅचची तारीख तुम्हाला आधी देऊन ठेवायची. चॉकी कधी येणार, कोषावर कधी जाणार. कोष काढले की शेड ब्लीचिंगनं धुणं चालतं, तेव्हा आठ-दहा दिवस शेडमध्ये अळी नसते. पण तेवढ्यात तुम्ही काही मारलंत तर पुढच्या बॅचचा पाला तुतीवर वाढतच असतो, म्हणून त्या काळातही बांधाकडं वारं बघूनच. तुमच्या बाजूच्या दोन-तीन ओळींचा पाला त्यानं लहान अळ्यांना घालायचा नाही. छाटून शेळ्यांना घालावा, नाहीतर तसाच राहू द्यावा. आम्ही आमच्या शेजाऱ्यांबरोबर असंच करतो. व्हॉट्सअॅपवर चौघांचा ग्रुप आहे, फवारणीच्या आदल्या दिवशी नुसतं ‘उद्या संध्याकाळी, पश्चिमेकडं’ एवढं टाकायचं.

पूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला न्यायचो, आता जालन्यात बाजार आहे म्हणून आपल्या भागात तुती वाढत चाललीय. हे प्रश्न आता दर बांधाला येणार.

एचएएनपीव्ही कुठं मिळतं ते काकूंनी नाही सांगितलं. आमच्याकडं हंगामात कृषी सेवा केंद्रात लवकर संपतं.

लॅबवाली

कृषी विद्यापीठाच्या आणि कृषी विज्ञान केंद्राच्या विक्री केंद्रावर आधी फोन करा, तिथं नाही तर नोंदणी असलेल्या कंपनीचं घ्या. बाटलीवर एलई लिहिलेलं नसेल, मिलिलिटरमागं किती पीओबी, म्हणजे विषाणूचे कण, ते लिहिलेलं असेल. तो आकडा इथं टाका, किती मिली घ्यायचं ते मी काढून देते. आणि घरी नेईपर्यंत बाटली मोटरसायकलच्या डिकीत उन्हात ठेवू नका.

दुधनाकाठ

फोन लावला. सोमवारी या म्हणाले. भावालाही हा धागा पाठवला, तो म्हणतो त्याची चॉकी पुढच्या गुरुवारी येणार आहे.